आबांच्या वतीने

लिंबायत, सुरत
९ फेब्रुवारी २०२५

चि. कुंदन यास,

वर श्री लिहिलेले नाही. वर्ष होईपर्यंत लिहू नये असे तुझी सुषमा वहिनी म्हणते. तुझा फोन लागत नाही. माझा नंबर तू बंद करून ठेवला आहेस हे मला माहीत आहे, त्याबद्दल तक्रार नाही. तेराव्याला बोलता आले असते, पण जेवणे आटोपताच तू मायला रिक्षात बसवलेस आणि कामरेजला निघालास. मीही थांब म्हणालो नाही.

आबांच्या मृत्यूच्या दाखल्याच्या दोन प्रती सोबत पाठवत आहे. दवाखान्याच्या कागदात कारण मेंदूतला रक्तस्राव असे लिहिले आहे. कोणी विचारले तर मी अशक्तपणा सांगतो. वय चौऱ्याहत्तर होते, चाळीस वर्षे मागाच्या साच्यांवर उभे राहून काढलेली. लोक मान हलवतात आणि पुढचे विचारत नाहीत.

पत्राचे कारण दुसरे आहे. मंगळवारी आपल्या गल्लीत महापालिकेच्या दवाखान्याच्या प्रज्ञाताई आल्या होत्या. साठीच्या वरच्या माणसांची त्या घरोघर जाऊन तपासणी करतात. साखर, ब्लडप्रेशर, आणि पंधरा प्रश्नांचा एक फॉर्म. माणूस मनातून खचला आहे का, ते त्या प्रश्नांवरून काढतात. प्रत्येकाला हो किंवा नाही एवढेच उत्तर. पाचच्या वर गुण गेले तर डॉक्टरकडे पाठवतात. आबांचा फॉर्म नवरात्रात भरला होता. दोन गुण आले होते. त्यात काही निघाले नव्हते.

त्यांच्या यादीत दगा हे आबांचे नाव पुन्हा तपासायला होते. त्यांना कळलेले नव्हते. ओट्यावरूनच त्यांनी विचारले, "दगा बाबा कुठं आहेत?" सुषमाने सांगितले तेव्हा त्या आत येऊन बसल्या.  मग विचारले, "आणि आजी?"

मी म्हणालो, "कामरेजला. धाकट्याकडे."

"दुखवट्यासाठी गेल्यात?"

"नाही. तीन वर्षं झाली. आबा माझ्याकडे, माय त्याच्याकडे."

"म्हणजे वेगवेगळे राहत होते?"

मी सांगितले की आम्ही दोघे भाऊ आहोत, म्हणून एकेक.  त्यांनी बॅगेतून एक कोरा फॉर्म काढून माझ्या हातात दिला आणि म्हणाल्या, जोडीतले एक गेल्यावर पहिले सहा महिने दुसऱ्याकडे लक्ष ठेवावे लागते, तिकडच्या नर्सकडून भरून घ्या.

तो फॉर्म सोबत आहे. सोनाली सुषमाला फोनवर म्हणाली की माय अर्धी भाकरी ताटात सोडते आणि दुपारची झोपत नाही. तुमच्याकडच्या आरोग्य केंद्रात नर्स असेल. तिला घरी बोलव. एवढे कर.

तुझा भाऊ
वाल्मिक


लिंबायत
२ मार्च २०२५

चि. कुंदन यास,

फॉर्म मिळाला. पत्र नव्हते, नुसता फॉर्म होता, तरी पाठवलास हे बरे केलेस.

सगळी उत्तरे तुझ्या अक्षरात आहेत. तुझा ह मी ओळखतो, शाळेत तुझी पाटी मीच तपासायचो. पंधराच्या पंधरा चांगल्या बाजूची. शून्य गुण. कडेला तू लिहिले आहेस, "दिवसभर देवाचे नाव घेते, समाधानी आहे."

मी रागावून लिहीत नाही. हा कागद घेऊन मी मिलमध्ये गेलो आणि जेवणाच्या सुट्टीत स्टोअरमध्ये बसून पुन्हा वाचला. मला आबांचा फॉर्म आठवला. तो माझ्या सांगण्यावरून भरला होता. मागच्या पत्रात मी ते लिहिले नाही.

तो दिवस सांगतो. नवरात्र चालू होते, गल्लीच्या तोंडाशी गरब्याचा मंडप सजवत होते. रविवार म्हणून सगळी गल्ली घरी. आबा ओट्यावर त्यांच्या खुर्चीत. प्रज्ञाताईंनी पहिला प्रश्न विचारला, आबांनी नुसते पाहिले. तुला माहीत आहे, साच्यांच्या आवाजाने त्यांचे कान कधीच गेलेले. मग ताईंनी आवाज चढवला. अजून चढवला. शेवटी त्या ओरडूनच विचारू लागल्या, "आजोबा, तुम्हाला रिकामं रिकामं वाटतं का?"

समोरचा भटू टेम्पो धूत होता. तो म्हणाला, "ताई, आजून जोरमा! उधना टेसनलोंग आवाज जावाले पाहिजे!"

बाया दारात आल्या. एकीने म्हटले, "दगाबाबाले एकलाले काबर इचारतस? आम्हले बी इचारा ना, आम्हीन कोठे सुखी शेतस!" सगळे हसले. आबांनाही वाटले काही गमतीचे चालले आहे, तेही हसले.

चौथा की पाचवा प्रश्न होता. घरात तुम्हाला कोणी विचारत नाही असे वाटते का. तो गल्लीभर गेला. सुषमा माझ्या मागे चहाचा कप घेऊन उभी होती. तिने तो तसाच परत आत नेला. तीन वर्षे आबांचे अंथरूण, पाणी, औषध तिने केले होते. मला ते सहन झाले नाही. मी म्हणालो, "ताई, त्यांना ऐकू येत नाही. मी मुलगा आहे, शिकलेला आहे. मला विचारा, मी त्यांच्या वतीने सांगतो."

आणि मी सांगितले. पाच मिनिटांत झाले. भुकेबद्दल, मनाबद्दल, भीतीबद्दल, सगळ्याबद्दल मी सांगितले. मी रोज स्टोअरमध्ये फॉर्म भरतो. रकाना रिकामा राहू नये याची मला सवय आहे. अगदीच शून्य खरे वाटणार नाही म्हणून दोन ठिकाणी मी वाईट बाजूचे उत्तर दिले.

आता तुझ्या कडेच्या ओळीबद्दल. माय देवाचे नाव घेते असे तू लिहिलेस. कुंदन, मायने आयुष्यात जप केला आहे का? दिवा लावते, हात जोडते आणि कामाला लागते. ती ओठ हलवते, आवाज येत नाही, असेच ना?

तू लहान होतास आणि नंतर वसतिगृहात गेलास म्हणून तुझ्या ध्यानात नसेल. साच्यांच्या खात्यात कोणाला कोणाचे ऐकू येत नाही. माणसे आवाज न काढता ओठांनी बोलतात, चार साचे पलीकडचा माणूस ते वाचतो. आबा घरी येऊनही तसेच वाचायचे. माय ते शिकली. स्वयंपाक करता करता ती आबांकडे तोंड करून ओठ हलवायची आणि ते हसायचे, किंवा चिडायचे, किंवा उठून पाणी भरायला जायचे. आम्हाला घरात बसून काही कळायचे नाही. मी लहानपणी मायला म्हणायचो, मोठ्याने बोल ना. ती म्हणायची, "तुना कामनं नही ते."

मला ते कधी जमले नाही. मी ओरडायचो. सुषमाही ओरडायची. म्हणजे माय कामरेजला गेली त्या दिवशी आबांना खरे बहिरेपण आले. हे मी आज लिहितो आहे. तेव्हा मला वाटले, म्हातारपणी माणूस गप्प होतो.

माय कोणाशी बोलते आहे ते तू जाऊन बघ. तू दिवसपाळीला असतोस, सोनाली कामात असते. एखाद्या दुपारी घरी थांब आणि बघ.

वाल्मिक


लिंबायत
१२ मार्च २०२५

चि. कुंदन यास,

उत्तर नाही. सोनालीने सुषमाला सांगितले की तू पत्र वाचून खिशात ठेवलेस, आणि म्हणालास, "आता मोठा शहाणा झाला, बाप मेल्यावर." बरोबर बोललास. म्हणून उरलेलेही सांगतो. मग तुला जे म्हणायचे ते एकदम म्हण.

मी लिहिले होते की आबांना ऐकू आले नाही. एक प्रश्न त्यांना कळला होता.

ओरडून ओरडून प्रज्ञाताईंचा घसा बसला होता. मी उत्तरे देत होतो तरी त्या प्रत्येक प्रश्न एकदा आबांकडे वळून म्हणत होत्या, त्यांचा तो नियम असावा. एका प्रश्नाला त्या खाली वाकल्या आणि अगदी हळू बोलल्या. "आजोबा, आता जगून काय उपयोग, असं वाटतं का?" आबांनी त्यांच्या ओठांकडे पाहिले. मग म्हणाले, "हा."

स्पष्ट म्हणाले. भटूनेही ऐकले असेल, पण तेव्हा तो हसला नाही.

मी म्हणालो, "त्यांना काही कळलेलं नाही, ते सगळ्यालाच हा म्हणतात. नाही लिहा." ताईंचे पेन थांबले. त्यांनी माझ्याकडे पाहिले. मी पँटशर्टमध्ये, हातात चष्मा, शिकलेला माणूस. त्यांनी 'नाही' असेच लिहिले.

दुसरी गोष्ट. तेरावे झाल्यावर सुषमाने आबांची गादी उन्हात टाकली. उशीच्या खोळीत ब्लडप्रेशरच्या गोळ्या सापडल्या. वर्तमानपत्राच्या कागदाच्या लहान लहान पुड्या, प्रत्येकीत सातआठ. रोज सकाळी मी त्यांच्या हातावर गोळी ठेवायचो, पाण्याचा पेला द्यायचो आणि बसला पळायचो. ती तोंडात जाताना मी पाहिली आहे, पुढचे पाहिले नाही. उत्तरायणाच्या दिवशी सगळे पतंग उडवायला गच्चीवर होते, आणि ते खाली ओट्यावरून पडले. दवाखान्यात डॉक्टरांनी विचारले, गोळ्या चालू होत्या का? मी हो म्हणालो.

जाणून केले की विसरून, हे मला सांगता येणार नाही. विसरणारा माणूस इतक्या नीट पुड्या बांधत नाही, एवढेच माझ्या मनात येते. सुषमा आणि मी सोडून हे कोणाला माहीत नाही. आता तुला.

तिसरी गोष्ट मला सर्वात जड जाते. तीन वर्षांपूर्वी पाहुण्यांसमोर तू म्हणालास, आबा भाऊकडे, माय माझ्याकडे, वाटणी सरळ झाली. सगळ्यांनी मान डोलावली. मीही. माझी दीड खोली, तुझा तिसरा मजला आणि आबांचे गुडघे, सोनालीचे बाळंतपण, सगळी कारणे खरी होती. सहा महिन्यांसाठी म्हणून ठरले होते. पण तेव्हा निदान दर रविवारी तुझ्या आणि माझ्या फोनवर ते एकमेकांना बघायचे. चित्र अडकायचे, ओठ आधी हलायचे आणि चेहरा मागून यायचा, आबांना निम्मे कळायचे नाही. तरी ते सकाळपासून टोपी घालून बसायचे.

मग दिवाळीला मी तुला बोललो की मायला तू आया म्हणून नेलेस, फुकटची. सोनालीने ऐकले. तू फोन बंद केलास. तो तुझा राग झाला. पण आबांनी विचारले तेव्हा मी त्यांना काय सांगितले ते तुला माहीत नाही. मी खुणेने सांगितले की कामरेजला रेंज नाही. टॉवर पडला आहे. मी तुझ्या दारात येऊन फोन लावून घेऊ शकलो असतो, वीस किलोमीटर आहे. माझ्याच्याने वाकणे झाले नाही. पुढचे कितीतरी रविवार ते टोपी घालून बसले आणि मी वर बोट करून रेंज नाही अशी खूण केली. एका रविवारी त्यांनी टोपी घातली नाही. मला सुटल्यासारखे वाटले.

मायचा फॉर्म पुन्हा भरायला हवा. तू भरू नकोस आणि मीही भरणार नाही. प्रज्ञाताईंना मी विचारले. त्या म्हणाल्या, "कामरेज माझा एरिया नाही, भाऊ. पण आजोबांचा फॉर्म माझ्या हातचा आहे. रोज तीस घरं करायची असतात, मी पण सुटका म्हणून 'नाही' असं लिहिलं. येते मी."

२३ तारखेच्या रविवारी सकाळी आम्ही येतो. तू नको म्हणालास तरी येतो.

वाल्मिक


लिंबायत
२४ मार्च २०२५

कुंदन,

काल तू पाळीला निघून गेलास हे सोनालीने सांगितले. दार उघडायला सांगून गेलास, तेही सांगितले. आत काय झाले ते तुला मी सांगायला हवे. तिच्या सांगण्यात आणि माझ्या सांगण्यात फरक पडला तर तिचे खरे धर.

सोनालीने डोक्यावर पदर घेऊन पाणी दिले. मी तिचा भासरा, ती माझ्याशी सरळ बोलत नाही. ती प्रज्ञाताईंना म्हणाली, "ताई, त्यांना सांगा, आईंना इथं कशाची कमी नाही. दूध, फळं, सगळं आहे. आणि सांगा, मी काही आया ठेवली नव्हती."

मी भिंतीकडे बघून म्हणालो, "ताई, त्यांना सांगा, मी चुकीचं बोललो होतो."

मधल्यामध्ये ताई कधी इकडे बघायच्या, कधी तिकडे. त्या म्हणाल्या, "माझ्या फॉर्मात हा प्रश्न नाही हो."

सोनालीला हसू आले. तेवढ्याने जरा बरे झाले.

माय खिडकीशी बसली होती, तुझी छोटी तिच्या मांडीवर झोपलेली. ओठ हलत होते. मला बघून थांबले. तेराव्यापेक्षा ती निम्मी झाली आहे, कुंदन. तू रोज बघतोस म्हणून कळत नसेल. ती म्हणाली, "जेवना का?"

मी म्हणालो जेवलो. मग प्रज्ञाताई तिच्यासमोर खाली बसल्या, फॉर्म काढला आणि समजावून सांगितले की पंधरा प्रश्न आहेत, कोणी मध्ये बोलणार नाही, मुलगाही बाहेर जाईल. मी उठलो.

माय म्हणाली, "थांब. हाई त्यासले बी इचारेल व्हतं ना? त्यासनी काय सांगं?"

प्रज्ञाताई खाली बघू लागल्या. मी म्हणालो, "मी सांगितलं, माय. त्यांच्या वतीनं."

"वाच."

आबांचा फॉर्म ताईंच्या फाइलमध्ये होता. त्यांनी तो माझ्याकडे दिला. मी उभ्या उभ्या वाचू लागलो. आयुष्याबद्दल समाधानी आहात का, हो.

"खोटं."

आवडीच्या गोष्टी सोडून दिल्यात का, नाही.

"खोटं. तंबाखू बी सोडी दिन्ही व्हती. तेराव्याले डबी देखी मी, वाळी गयेल व्हती."

हे मला माहीत नव्हते. तुला होते का? मी रोज त्या घरात होतो.

मन रमते का, हो.

"खोटं. त्यासनं मन मन्हासंगे बोलामा रमे."

प्रज्ञाताईंनी दुसरा कोरा फॉर्म घेतला आणि त्यावर आबांचे नाव लिहिले. मेलेल्या माणसाचा फॉर्म कुठे जमा करणार हे मी विचारले नाही. मी वाचत गेलो, माय खोटं म्हणत गेली, ताई लिहीत गेल्या. काही ठिकाणी माय लगेच बोलत नव्हती. खिडकीबाहेर बघून विचार करायची, जणू त्यांना विचारून सांगते आहे. दोनतीन उत्तरे तिने माझीच ठेवली. "हाई बरोबर शे," म्हणाली. "भीती त्यासले कसानीच नव्हती."

मग तो प्रश्न आला. मी वाचला आणि माझेच उत्तर वाचले. नाही.

माय खोटं म्हणाली नाही. तिने विचारले, "हाई तुनं का त्यासनं?"

"माझं."

"त्या काय बोलनात?"

मी घरून ठरवून गेलो होतो की हे तिला सांगायचे नाही. ताई गप्प होत्या. त्यांनी सांगितले असते तर मी सुटलो असतो, म्हणूनच बहुधा त्या गप्प राहिल्या. मी म्हणालो, "हा म्हणाले."

"तुले ऐकू उनं व्हतं?"

"हो."

स्वयंपाकघरातला आवाज थांबला. मायने छोटीला मांडीवरून उचलून गादीवर ठेवले, पांघरूण घातले. तिचे ओठ हलले. ते माझ्यासाठी नव्हते, आणि मला वाचता येत नाही. मला वाटले आता ती मला जा म्हणेल. मी चप्पल कुठे काढली आहे ते बघून ठेवले.

ती मोठ्याने म्हणाली, "मंग आते मनं ऐक. बस."

मी बसलो. ताईंनी तिचा फॉर्म वर घेतला.

तिने हो-नाही एवढेच कधी सांगितले नाही, प्रत्येकाला एक वाक्य सांगितले. मी मध्ये एक शब्द बोललो नाही. सगळे तुला लिहीत नाही, ती तुला स्वतः सांगेल, विचारलेस तर. दोनच लिहितो. ताईंनी विचारले की बाहेर जाण्यापेक्षा घरातच बसून राहावेसे वाटते का. माय म्हणाली, "कोनता घरमा?" ताईंना कळेना काय लिहावे. त्यांनी ती जागा तशीच सोडली. रिकामा रकाना मी बघत बसलो.

आणि तो प्रश्न, आबांचा. त्याला ती म्हणाली, "तीन वरीस पहिले इचारतात तं नही सांगती." मग म्हणाली, "तुम्हीन दोन्ही भाऊसनी आमले वाटी लिधं. भांडा वाटतस तसं. वाटा, तुमनं घर लहान. पन आमले इचारं नही कोनी."

ती रडली नाही. सोनाली रडली. ती दारात आली होती. ती थेट माझ्याकडे बघून म्हणाली, पदर डोक्यावरून पडला होता त्याचेही तिला भान नव्हते, "भाऊ, त्या दिवसभर बोलतात तो जप नाही?"

"नाही."

"मी शेजारच्या बायांना कौतुकानं सांगायचे. आमच्या सासूबाई अखंड नामात असतात. त्या पाया पडून जायच्या यांच्या."

माय म्हणाली, "पडू दे. त्या बायासना बी पाय दुखतस."

आम्ही तिघेही तिच्याकडे बघत राहिलो. 

अकरा गुण आले. आबांचे, मायने सांगितलेले, बारा. ताई म्हणाल्या, पंधरा प्रश्नांवरून आजार ठरत नाही, डॉक्टरच ठरवतात. पण अकरा म्हणजे थांबायचे नाही. आजार असला तरी औषध आहे, आठवड्यातून एकदा कोणीतरी बसून बोलण्याची सोय आहे, आणि या वयातही माणसे बरी होतात, त्यांनी स्वतः पाहिली आहेत. हे त्यांनी मायसमोर मायलाच सांगितले. आम्हाला बाजूला घेऊन सांगितले नाही.

मी मायला विचारले, माझ्याकडे येतेस का. तिने होही म्हटले नाही आणि नाहीही. म्हणाली, "पहिले डाक्टर. मंग देखू." आणखी एक सांगितले, छोटीला सोडून ती राहणार नाही आणि छोटी तिला जड नाही, हे वाल्मिकने डोक्यात ठेवावे. ठेवले आहे.

गोळ्यांचे मी तिला सांगितलेले नाही. सांगावे की नाही, हे मला एकट्याला ठरवता येत नाही. तू सांग.

बुधवारी, २ एप्रिलला, सकाळी दहाला सरकारी दवाखान्यात मनाच्या डॉक्टरांची वेळ प्रज्ञाताईंनी घेतली आहे. जुन्या इमारतीत, दुसरा जिना, वर डाव्या हाताला. सोनाली मायला घेऊन येणार आहे, रिक्षा मी बघतो. तिसरा मजला उतरताना तिला दोन्ही बाजूंनी धरावे लागते, तू तेवढा वेळ पाळी बदलून घेतलीस तर बरे. डॉक्टर आधी तिच्याशी एकटीशी बोलतात, घरच्यांना बाहेर बसवतात. बाहेर एकच बाकडे आहे, मी काल परतताना जाऊन बघून आलो.

तू आलास तर माझ्याशी बोललेच पाहिजे असे नाही.

वाल्मिक